लेकींची शाळा अंगणात नेणाऱ्या अनुताई वाघ

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत आपण तथागतांचे, फुले दांपत्याचे, बाबासाहेबांचे आणि माता रमाईंचे स्मरण करतो. ते केलेच पाहिजे. परंतु आपल्याच डहाणू तालुक्यात, आधी बोर्डीच्या किनाऱ्यावर आणि मग कोसबाडच्या टेकडीवर, एका बाईने आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे गोरगरिबांच्या लेकरांसाठी खर्ची घातली. त्या बाईची ओळख आपल्या घरांतल्या नव्या पिढीला फारशी राहिलेली नाही. आपल्या मुलींना अंगणवाडी हा शब्द रोज ऐकू येतो, पण तो शब्द आपल्या तालुक्यातून देशभर गेला हे किती जणींना ठाऊक आहे? म्हणून यंदा पद्मश्री अनुताई वाघ यांचे जीवन थोडक्यात सांगण्याचे योजले आहे.

सांगण्याचे दुसरेही एक कारण आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की वस्तीत एकच प्रश्न निघतो. मुलीला पुढे शिकवायचं, पण खर्च कोण करणार? हा प्रश्न खरा आहे, खोटा नाही. पण मुलीचे शिक्षण नुसते फीपायी अडते का? घरातली कामं, धाकटं भावंड, लांबचा रस्ता, लवकर लग्न, वेळेत न मिळालेला दाखला, असे किती तरी अडसर असतात. अनुताईंच्या जीवनातून हे सगळे अडसर एकेक करून समोर येतात, आणि ते कसे दूर करायचे हेही कळते.

बालपण आणि वैधव्य

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तो काळ बालविवाहाचा होता. शिकलेल्या घरांतसुद्धा मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तिच्या लग्नाची घाई व्हायची. वयाच्या तेराव्या वर्षी अनुताईंचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आतच त्यांच्या नशिबी वैधव्य आले. संसार म्हणजे काय हे कळायच्या आत संसार संपला.

त्या काळी उच्च म्हणवणाऱ्या जातींत विधवेच्या वाट्याला काय यायचे ते आपण फुले दांपत्याच्या चरित्रात वाचतो. केशवपन, एक वेळचे जेवण, घरातला अंधारा कोपरा आणि जन्मभर दुसऱ्याच्या घरची राबणूक. पुण्यातल्या अशाच बायांसाठी जोतिराव आणि सावित्रीमाईंनी आपल्या घराचे दार उघडले होते. त्यालाही साठ वर्षे होऊन गेली होती, पण विधवेचे हाल काही संपले नव्हते.

अनुताईंच्या बाबतीत एक गोष्ट चांगली झाली. त्यांचे शिक्षण थांबले नाही. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे मराठी सातवीची परीक्षा पास झाल्या. आज सातवी म्हटले की आपल्याला हसू येईल. पण त्या काळात ही परीक्षा पास झालेल्याला शिक्षकाची नोकरी मिळू शकत होती, म्हणून तिला मोठी किंमत होती. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून त्यांनी प्राथमिक शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले आणि १९२९ साली त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. ज्या मुलीला समाजाने कोपऱ्यात बसवली असती, ती एकोणिसाव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभी राहिली.

पोटासाठी नोकरी, रात्री शाळा

१९२९ ते १९३३ अनुताईंनी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शिक्षिकेची नोकरी केली. त्यानंतर त्या पुण्याला आल्या आणि मुलींच्या नामांकित हुजूरपागा शाळेत १९४४ पर्यंत शिकवत होत्या. दिवसा त्या शिकवायच्या आणि रात्री स्वतः शिकायला जायच्या. रात्रशाळेत जाऊन १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पुढे समाजकार्याचा डोंगर अंगावर घेतलेला असताना अभ्यास चालू ठेवून १९६१ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, त्यांनी बी.ए.ची पदवी मिळवली.

वाचकहो, इथे जरा हिशेब करू या. मराठी सातवी १९२५ साली, मॅट्रिक १९३७ साली आणि बी.ए. १९६१ साली. म्हणजे सातवीपासून पदवीपर्यंत पोहोचायला छत्तीस वर्षे लागली. ही बाई काही अभ्यासात कच्ची नव्हती. पहिला नंबर काढणारी होती. मग छत्तीस वर्षे का लागली? कारण तिला पोटासाठी नोकरी करून, उरलेल्या वेळात शिकावं लागलं.

याच्या शेजारी आपल्या बाबासाहेबांचे उदाहरण ठेवून पाहा. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बाबासाहेबांना अमेरिकेला जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या तीन वर्षांत कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास अभ्यास केला, १९१५ मध्ये एम.ए. केले, पुढचा प्रबंध लिहिला आणि १९१६ साली लंडनला प्रयाण केले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा कुठे १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. इकडे रमाईंनी घर कसं चालवलं, ते वेगळं सांगायला नको.

यातून काय दिसते? बाबासाहेबांसारख्या असामान्य बुद्धीच्या माणसालाही शिष्यवृत्ती संपली तेव्हा पुस्तक मिटून बोटीत बसावे लागले. शिष्यवृत्ती ही काही भीक नाही किंवा उपकारही नाही. माणसाच्या आयुष्यातली वर्षे वाचवणारी ती गोष्ट आहे. बाबासाहेबांना हे स्वतःच्या जीवनावरून ठाऊक होते. म्हणूनच ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे पैशाची मागणी लावून धरली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली आणि १९४८-४९ पासून ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. आज आपण जिला भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणतो ती हीच.

ताराबाईंची हाक

कस्तुरबा गांधींचे फेब्रुवारी १९४४ मध्ये कैदेत निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर निधी जमवण्यात आला आणि तो खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी खर्च करायचा असे ठरले. त्यातून कस्तुरबा ट्रस्ट उभा राहिला. खेड्यात जाऊन काम करणाऱ्या बाया तयार करण्यासाठी शिबिरे भरू लागली. बोरिवलीच्या अशाच एका शिबिरात १९४५ साली अनुताईंची भेट ताराबाई मोडक यांच्याशी झाली.

ताराबाईंविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्यांचा जन्म १८९२ सालचा. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाची मानाची नोकरी सोडून त्या १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे बालशिक्षणाचे काम करायला गेल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार काढले. पण शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुलांना शिकवून त्यांचे समाधान होईना. इटलीच्या मादाम माँटेसरींची शिक्षणपद्धती चांगली, पण तिची साधने महागडी. ती खेड्यातल्या मुलाला कुठून परवडणार? म्हणून त्यांनी खेड्याकडे मोर्चा वळवला. वय तेव्हा त्रेपन्न होते.

अनुताईंचे वय पस्तीस होते. पुण्याची नामवंत शाळा आणि शहरातलं बस्तान, सगळं सोडून त्या ताराबाईंबरोबर डहाणू तालुक्यात आल्या. २४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

१९४५ हे साल आपल्या भागात साधेसुधे नव्हते. त्याच वर्षी २३ मे रोजी, आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी, वारली शेतकऱ्यांनी जमून यापुढे वेठबिगारी करायची नाही अशी शपथ घेतली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले. हेच शामराव १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले होते, हे आपण लक्षात ठेवावे. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी हुतात्मे झाले. त्या काळी लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी राबायला बांधली जायची. त्यांना लग्नगडी म्हणत. ज्या घरात आईबापच गुलाम, त्या घरातल्या मुलीला पाटी-पेन्सिल कोण देणार? अशा धगधगत्या मुलखात या दोघी बाया लहान मुलांची शाळा काढायला आल्या होत्या.

बोर्डीची अंगणवाडी

बोर्डी गावात बालवाडी सुरू झाली. खेळणी मांडली, गाणी तयार केली. गावातल्या बऱ्या घरांची मुले येऊ लागली. पण दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची मुले काही येईनात. वर्षानुवर्षे ज्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले, ती माणसे शाळा उघडली म्हणून एकदम आत कशी येतील? शिवाय आईबाप पहाटे मजुरीला निघून जायचे. मुलाला आंघोळ घालून, केस विंचरून शाळेत पोचवायला घरात असायचे कोण?

दुसऱ्या कोणी असते तर म्हणाले असते, या लोकांनाच शिक्षण नको आहे. असे म्हणणारे आजही आहेत. ताराबाई आणि अनुताईंनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांकडे नेऊ, असे त्यांनी ठरवले. साहित्याची पिशवी घेऊन त्या वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्याच्या झोपडीपुढचं अंगण झाडून तिथेच मुलांना जमवायचं. नखं कापायची, तोंड-हात धुवायचे, केसांना तेल लावायचं आणि मग गाणी-गोष्टी. महागड्या साधनांच्या जागी समुद्रावरचे शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने, दगडगोटे आले. मोजायला शिकायचं तर चिंचोके काय वाईट?

अंगणात भरणारी ती अंगणवाडी. हे नाव आणि ही कल्पना अशी आपल्या बोर्डीच्या वस्त्यांतून जन्माला आली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बाल विकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. आज देशाच्या कानाकोपऱ्यात, मराठीचा एक शब्द न येणारी माणसेसुद्धा हा शब्द वापरतात.

कडेवरचं ओझं उतरवलं

१९५७ साली केंद्राचे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. आजूबाजूला वारली पाडे, कुडाच्या भिंतींची घरं, खाली चिकूच्या वाड्या. इथे अनुताईंना एक गोष्ट ध्यानात आली, आणि या लेखात सांगायची मुख्य गोष्ट तीच आहे.

शाळेचं वय झालेली मुलगी शाळेत का येत नाही? फी तर नव्हतीच. पाटी, पुस्तक द्यायलाही संस्था तयार होती. तरी मुलगी येत नव्हती. कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड होतं. आई गवत कापायला किंवा वाडीत मजुरीला गेलेली, घरात रांगणारं पोर, आणि त्याची आई झालेली सात-आठ वर्षांची थोरली बहीण. तिला शाळेत पाठवली तर बाळाकडे कोण बघणार? मुलगा असेल तर तो गुरांमागे रानात गेलेला असायचा.

यावर अनुताईंनी आणि ताराबाईंनी जो उपाय काढला तो साधा होता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात ठेवली. थोरल्या बहिणीने येताना कडेवरचं बाळ पाळणाघरात ठेवायचं, बोट धरून आणलेल्या भावाला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. या योजनेचे नाव विकासवाडी. आणि जी मुले गुरांमागे असायची त्यांच्यासाठी शिक्षक पिशवी घेऊन कुरणात जाऊ लागले. ती कुरणशाळा. दिवसा काम करणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालवले. मुलांशी आधी त्यांच्या वारली बोलीत बोलायचं, मग हळूहळू पुस्तकातल्या मराठीकडे यायचं, अशी पद्धत ठेवली.

आता विचार करा. त्या मुलीला हातात एक रुपयासुद्धा दिला नव्हता. पण तिच्या कडेवरचं ओझं उतरवलं, तिचा वेळ मोकळा केला. शिष्यवृत्ती याहून वेगळं काय करते? बडोद्याच्या महाराजांनी बाबासाहेबांना तीन वर्षांचा मोकळा वेळ दिला. कोसबाडला एका वारली मुलीला दिवसाचे चार तास मिळाले. रक्कम लहान-मोठी असेल, पण गोष्ट तीच आहे. ज्या अडचणीमुळे शिक्षण अडलं, ती अडचण नेमकी ओळखून दूर करणं ही खरी मदत. ज्या बाईला स्वतः रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक व्हावं लागलं, तिला ही अडचण दुसऱ्यांपेक्षा लवकर दिसली असेल यात नवल नाही.

बाईच्या हाताला मानाचं काम

अनुताईंनी मुलींना नुसतं लिहिता-वाचता करून सोडलं नाही. बालवाडी चालवायला माणसं लागतात. बाहेरून शिकलेल्या बाया खेड्यात येऊन राहायला तयार नसायच्या. म्हणून इथल्याच मुलींना आणि बायांना बालसेविकेचे प्रशिक्षण देण्याचे काम कोसबाडला सुरू झाले. पुढे प्राथमिक शिक्षक घडवणारे अध्यापक विद्यालयही आले. मजुरीशिवाय दुसरं काम ज्यांना माहीत नव्हतं, अशा घरांतल्या बाया बाई म्हणून वर्गात उभ्या राहू लागल्या. बालवाडी कशी चालवावी या विषयावर अनुताईंनी सोप्या भाषेत पुस्तक लिहिले. शिक्षणपत्रिका हे मासिक त्यांनी अनेक वर्षे सांभाळले.

आज गावोगावच्या अंगणवाड्यांत आपल्या आयाबहिणी सेविका आणि मदतनीस म्हणून राबतात. हे काम अजूनही पगारावर नाही, मानधनावर चालतं. न्यायासाठी त्यांना रस्त्यावर यावं लागतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला, तो या कष्टाचा झालेला एक मान आहे. ज्या अंगणवाडीचं बीज आपल्या तालुक्यात पडलं, तिथे राबणाऱ्या बाईला पुरता पगार मिळावा ही मागणी आपणही केली पाहिजे.

तिकडे तलासरीत गोदावरीताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदिवासी प्रगती मंडळाच्या वतीने वसतिगृह आणि शाळांचे काम उभे केले. तलासरीचे महाविद्यालय आज गोदावरी शामराव परुळेकर यांच्या नावाने ओळखले जाते. दोघींचे मार्ग वेगळे, विचारही वेगळे. पण रानातल्या पोराला शाळेजवळ राहायला जागा मिळाली तरच तो शिकेल, हे दोघींनाही कळले होते.

शेवटची वर्षे

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. सरकारने त्यांना १९६२ मध्येच पद्मभूषण दिले होते. गुरू गेल्यावर शिष्या खचली नाही. संस्थेचा सगळा भार अनुताईंनी अंगावर घेतला. १९८१ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी ठाणे जिल्हा स्त्रीशक्ती जागृती समिती स्थापन केली. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, तोवर डहाणू-तलासरी ठाणे जिल्ह्यातच होते. मूल शिकवायचं तर आधी आई जागी झाली पाहिजे, हा अनुताईंचा अनुभव होता.

त्यांना पद्मश्री मिळाली, जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला, राज्य सरकारने आदर्श शिक्षिका आणि दलितमित्र म्हणून गौरवले. कोसबाडच्या टेकडीवरून हे त्यांचे आत्मचरित्र प्रत्येक विहाराच्या वाचनालयात असावे असे आहे. २७ सप्टेंबर १९९२ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. स्वतःचं मूल नव्हतं, पण टेकडीच्या आसपासच्या पाड्यांवर त्यांच्या हातून न्हाऊन-विंचरून शाळेत बसलेल्या लेकरांची गणती नाही.

आपण काय करावं

चरित्र वाचून हात जोडले आणि पुस्तक मिटलं, तर वाचल्याचा उपयोग काय? अनुताईंनी शाळा अंगणात नेली. आज आपल्यासमोरचं काम शिष्यवृत्ती अंगणात नेण्याचं आहे. योजना आहेत, पण त्या मुलीच्या घरापर्यंत पोहोचत नाहीत.

पाचवीपासून दहावीपर्यंत शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. ती शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत मिळते. रक्कम थोडी असेल, पण ती मुलीच्या नावाने येते याला महत्त्व आहे. अकरावीपासून पुढे भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. तिला वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे आणि अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवण्यासाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परदेशी शिकायला जाण्यासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, आणि दोन्हींत ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. आपल्या शेजारच्या आदिवासी मुलींसाठी डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वेगळ्या योजना आहेत. त्यांची माहिती आपल्याला असेल तर ती पाड्यावर सांगायला आपणच गेलं पाहिजे.

मग अडतं कुठे? अडतं कागदावर. बौद्ध धम्म स्वीकारल्यावरही अनुसूचित जातीच्या सवलती कायम राहाव्यात म्हणून समाजाने किती झगडा केला. १९९० साली केंद्राने तसा कायदा केला. पण जातीचा दाखला काढायला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. शाळेच्या दाखल्यावर नुसतं बौद्ध लिहिलेलं असतं आणि आजोबांचा दाखला मूळ गावी, रत्नागिरीत नाहीतर आणखी कुठे, पेटीत पडलेला असतो. निकाल लागल्यावर धावपळ सुरू होते आणि तोवर मुदत संपते. म्हणून मुलगी आठवीत गेली की दाखल्याच्या कामाला लागावं. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधून ठेवाव्यात. तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला दरवर्षी काढावा. मुलीच्या स्वतःच्या नावाने बँकेत खातं उघडून ते आधारला जोडावं. आणि एक लक्षात ठेवा, शिष्यवृत्तीचा अर्ज एकदा भरून भागत नाही. दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी पैसे आले आणि दुसऱ्या वर्षी अर्जच भरला नाही, असं होऊ देऊ नये.

विहारात रविवारी बुद्धवंदना होते. वंदनेनंतर तासभर, जून-जुलैच्या दिवसांत, शिकलेल्या दोन मुलींनी कागद-पेन आणि मोबाइल घेऊन बसावं. वस्तीतल्या कोणत्या मुलीचा कोणता दाखला राहिला आहे याची एक वही ठेवावी. ज्या घरात आई कामाला जाते आणि थोरली मुलगी घर सांभाळते, तिथे शेजारणीने आठवड्यातून दोन दिवस ते बाळ सांभाळलं, तर त्या मुलीचा क्लास बुडणार नाही. यासाठी कुठल्याही फंडाची गरज नाही. आज अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठीही बारावी पास असावं लागतं. मुलगी बारावीपर्यंत पोहोचली नाही, तर आपल्याच तालुक्यात जन्मलेल्या अंगणवाडीचं दार तिला बंद होईल.

अनुताईंना सातवीपासून बी.ए. व्हायला छत्तीस वर्षे लागली. आपल्या लेकीला तेवढी लागू नयेत. तिची ती वर्षे वाचवणं आपल्या हातात आहे.

कोसबाडच्या टेकडीवरील या थोर मातेस विहाराच्या वतीने विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय! जयभीम!